गाडीतलं दही

काकाजींची गाडी घरी आली, हे कधी ऐकू म्हणून येत नसे. फाटक उघडल्याचा आवाज यायचा, मग लावल्याचा यायचा, आणि मध्ये काहीच नाही. मी खिडकीतून डोकावलो की ती मोठी पांढरी गाडी अंगणात उभी दिसायची आणि काकाजी मागचं दार उघडून सीटचा पट्टा सोडवत असायचे. पट्ट्यात माणूस नसायचा. स्टीलचा गंज, म्हणजे इकडचं उभट पातेलं, असायचा, त्यावर ताटली आणि ताटलीवर फडकं बांधलेलं. तो गंज दोन्ही हातांनी सांभाळत ते माझ्या दारात यायचे आणि म्हणायचे, "ओ सातारावाले, चमचा आना जी."

मी चमचा आणायचो. फडकं सुटायचं, ताटली निघायची आणि आम्ही दोघं गंजात डोकावायचो. दही लागलेलं असायचं, पण बहुतेकदा त्याला भेगा पडून पाणी सुटलेलं असायचं. काकाजी त्या पाण्याकडे पाहून रस्त्यावरच्या एकेका खड्ड्याचं नाव घ्यायचे. "हे वरठीच्या पुढचं. अना हे मोहाडीच्या वळनावरचं. तठी मले ब्रेक मारा लागला, म्हैस आली आडवी." मग ते दही मला खावं लागायचं. घरी काकू त्याची कढी करून करून कंटाळल्या होत्या.

भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात माझी बदली झाली तेव्हा क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून शहापुरात काकाजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. साताऱ्याकडचा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मी सातारावाले झालो आणि तिथून निघेपर्यंत तेच राहिलो. काकाजी स्वतः कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, कानांवर केसांचे झुपके. जन्मभर बसच्या इंजिनाच्या वर आवाज काढून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. घरात मीठ मागितलं तरी हायवेवर ऐकू जाई. आणि गंमत अशी, की अशा माणसाने गाडी घेतली ती बिनआवाजाची. गाडी गुपचूप गल्लीतून सरकायची आणि आतून काकाजींचं बोलणं गावभर व्हायचं. नव्या माणसाला वाटे आत भांडण जुंपलंय.

त्यांनी ही गाडी का घेतली हे शहापुरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे त्यांना विचारायचे. निवृत्तीनंतर लोक वरचा मजला चढवतात, पोरांना प्लॉट घेऊन देतात. काकाजींनी हायब्रिड गाडी घेतली, कारण काकूंना गाडी लागायची.

गाडी लागणं आपल्यापैकी अनेकांना माहीत असतं, पण काकूंचं प्रकरण फार पुढचं होतं. स्टँडवर नुसती उभी असलेली एसटी पाहून त्या पदर नाकाला लावत. ऑटोच्या धुराने, टॅक्सीतल्या अत्तराने, कारच्या सीटच्या वासाने, कशानेही त्यांचं पोट ढवळे. लग्न होऊन आंधळगावहून शहापूरला येताना त्यांनी टेम्पोत सासूबाईंच्या मांडीवरच ओकारी केली होती. ही हकीकत काकाजी इतक्या कौतुकाने सांगत, की त्या पराक्रमात त्यांचाही काही वाटा असावा असं वाटे. काकू शांतपणे सुपारी कातरत म्हणायच्या, "देवानं मले ड्रायवर नवरा देल्ला, अना त्याच्या बाजूले बसाची सोय नाही ठेवली."

सुरुवातीला त्या माहेरी बैलबंडीने जात, पुढे काकाजींच्या स्कूटरवर मागे बसून. उघड्या वाऱ्यात त्यांना काही होत नसे. मग कमरेचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, आणि तेव्हापासून काकूंचं आंधळगाव सुटलं. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना त्या दादा म्हणत, तेच दर भाऊबीजेला मोटरसायकलवरून येऊन ओवाळून घेऊन जात. त्या उन्हाळ्यात दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ते अंगणात वॉकर धरून चालत होते आणि मोटरसायकल गोठ्यात उभी होती. फोनवर ते म्हणाले, "यंदा मंडईले तूच ये ना, बाई."

दिवाळी झाली की इकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लग्न होऊन गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. काकूंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "तो येऊ शकत नाही, मी जाऊ शकत नाही. आता फोनवरच बहीण-भाऊ."

त्यानंतर महिन्याभरात गाडी दारात आली. काकाजींनी तिच्याभोवती काकूंना फिरवलं. इंजिन सारखं चालत नाही, हादरा नाही, धूर नाही, वास नाही. काकू म्हणाल्या की प्रत्येक गाडीच्या वेळी तुम्ही हेच सांगितलंत. मग सहज, भाजी निवडता निवडता, त्यांनी ती अट घातली. "माह्या पोटाचा काही भरवसा नाही. आधी आंधळगावपर्यंत दही नेऊन पाहा. ते हाललं नाही तं मंग मी बसन."

त्या थट्टेने बोलल्या होत्या. काकाजींनी ती ड्यूटीच मानली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट दुधाला विरजण लावून गंज मागच्या सीटवर बांधला आणि निघाले. आंधळगावला दादांकडे चहा प्यायचा, दादांच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि दही परत आणायचं. आठवड्यातून दोन-तीनदा हे चाले. रविवारी मीही बरोबर जायचो, कारण आंधळगावच्या तलावाकाठचं हिरवंगार धान बघायला मला आवडायचं आणि कारण काकाजींना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

हायब्रिड म्हणजे काय हे मला कारखान्यातल्या इंजिनियर मित्राने एकदा समजावलं होतं, पण खरं समजलं ते काकाजींकडून. ते म्हणत की ही दोन बैलांची बंडी आहे. एक बैल पेट्रोल खातो, त्याचं नाव खादाड्या. दुसरा बॅटरीवर चालतो, बोलत नाही, त्याचं नाव मुक्या. "चढाव आला का खादाड्या उठते. सपाटीवर मुक्या एकटाच ओढते. अना उतारावर मुक्याचं पोट आपोआप भरते." समोर काचेखाली मुक्या एकटा चालत असला की हिरवा दिवा लागे. काकाजींचा सारा जीव त्या हिरव्या दिव्यात. ॲक्सिलेटरवर ते चप्पल काढून, अनवाणी पायाने, आंगठ्याच्या टोकाने दाब देत. मध्येच इंजिन सुरू झालं की चेहरा पडे. "उठला खादाड्या," ते म्हणत, आणि माझ्याकडे असे बघत की मी जोरात श्वास घेतल्यामुळेच तो उठला असावा.

मोहाडीच्या टपरीवर चहा प्यायला थांबलो की गर्दी जमायची. एकदा एका धोतरवाल्या म्हाताऱ्याने गाडीला वाकून वाकून चक्कर मारली आणि विचारलं, "वायर कुठी लावता जी?"

"वायर नाही लागत," काकाजी म्हणाले.

"मंग बॅटरी कशी भरते?"

"ब्रेक मारला का भरते."

म्हाताऱ्याने बिडीचा एक झुरका घेतला आणि म्हणाला, "मंग ब्रेकच मारत जा ना. पेट्रोल कायले भरता?"

टपरीवर सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. शहापूरपर्यंत ते त्या प्रश्नाचा विचार करत होते आणि दोनदा त्यांनी मोकळ्या रस्त्यावर उगाच ब्रेक मारून पाहिला. त्या दिवशीचं दही ताक झालं होतं.

पण हळूहळू दही सुधारत गेलं. कुठला खड्डा डावीकडून घ्यायचा, कुठल्या पुलाआधी पाय उचलायचा, सारं काकाजींच्या अंगवळणी पडलं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात गंजातलं दही असं लागलेलं निघालं, की चमचा घातल्यावर कापा पडल्या. मी म्हटलं की काकाजी, हे पास आहे. त्यांनी काकूंना हाक मारली. काकू आल्या, गंज तिरपा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हां. मंडईले येन मी."

काकाजी त्या दिवशी दिवसभर शीळ घालत होते. त्या आनंदातच पुढचा घोटाळा झाला.

काकाजींच्या घरी बैल नव्हते. शेती ठोक्याने, म्हणजे खंडाने, दिलेली आणि नांगरट ट्रॅक्टरने. पण पोळ्याला त्यांना चैन पडेना. आदल्या संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आलो, तर काकाजी गाडीच्या बॉनेटला हळद आणि तूप चोळत होते. बैलांचे खांदे शेकतात तसे. पुढे झाल्यावर मागे जाऊन डिकीलाही चोळलं, कारण बॅटरी मागच्या सीटखाली, म्हणजे मुक्या मागे असतो. मग हात जोडून अगदी गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी दोन नैवेद्य झाले, एक पुढे आणि एक मागे. मागचा अर्थात मोठा. घरातल्या ट्रंकेतून जुन्या बैलांची झूल काढली होती, आरसे लावलेली, लाल-पिवळी, जाडजूड. तिचे दोन भाग करायला मन होईना, म्हणून अख्खी झूल मुक्याला दिली. मागच्या सीटवरून खालपर्यंत ती पसरली आणि चारी टोकं दोरीने बांधून टाकली. दिसत मात्र फार छान होती.

पोळ्यानंतर मुक्या बिघडला. हिरवा दिवा लागेना. लागला तर क्षणभर. खादाड्या सपाटीवरही गुरगुरत राही आणि मागून कसलासा पंखा घरघरे. समोर पिवळा दिवाही येऊ लागला. दह्याचं दर वेळी पाणी. काकाजी गाडी नागपूरला दाखवायला घेऊन गेले. जाताना झूल काढून नीट घडी करून घरी ठेवली, परक्या लोकांच्या तेलकट हातांनी मळायला नको. तिथे त्यांनी तपासली, काहीच निघालं नाही, गाडी शहाण्यासारखी चालली. घरी येऊन काकाजींनी झूल पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं दोन वेळा झालं. "रुसला हाय मुक्या," ते मला म्हणाले. "काहून रुसला ते समजून नाही राह्यलं."

दिवाळी झाली. दादांना भाऊबीजेला येता आलं नाही. मंडई दोन दिवसांवर आली, आणि काकाजी ओट्यावर बसले ते बोलेचनात. या माणसाला मी गप्प बसलेला प्रथमच पाहत होतो आणि मला खरंच वाईट वाटलं. शेवटी ते काकूंना म्हणाले, "यंदा नाही जमत असं वाटते. तुले रस्त्यात तरास झाला तं मले पाहवनार नाही."

काकू उठल्या, अंगणात गेल्या, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही दोघं पाहतच राहिलो.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

काकाजींनी चालू केली. खादाड्या लगेच गुरगुरला, पंखा घरघरू लागला. काकूंनी पदर नाकाला लावला, पण उतरल्या नाहीत. डोकं वळवून आवाज कुठून येतो ते ऐकलं, मग झुलीच्या खाली हात घातला. "अठी भल्लं गरम लागून राह्यलं. याले हवा कुठून भेटते?"

"बाजूले जाळी हाय," काकाजी म्हणाले.

"कुठी हाय?"

काकाजींनी बोट दाखवलं. बोटासमोर झुलीचे आरसे चमकत होते. काकूंनी दोरी सोडली, झूल वर केली. तिच्याखाली, अगदी बरोबर झाकली गेलेली, ती जाळी होती.

काकू म्हणाल्या, "माह्या तोंडावर गोधडी बांधून न्याल तं मी बी ओकन."

पुढचा थोडा वेळ काकाजींनी गाडीचं पुस्तक चाळण्यात घालवला. ते पुस्तक त्यांनी गाडी आली त्याच दिवशी वाचलेलं होतं. "लिहून हाय जी," ते मला म्हणाले, आवाज नेहमीच्या मानाने बराच खाली. "जाळी झाकू नये म्हनून लिहून हाय. पन झूल म्हनजे झाकनं होते का? झूल म्हनजे सजवनं होते." झूल ट्रंकेत परत गेली. गाडी गार झाल्यावर काकाजींनी गावाला एक चक्कर मारली, आणि हिरवा दिवा लागला तो विझेचना.

मंडईच्या सकाळी काकू पुढच्या सीटवर बसल्या. दह्याची परीक्षा घ्यायला आता वेळ नव्हता, आणि त्यांनीही ती मागितली नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत लिंबं, रिकाम्या प्लास्टिकच्या थैल्या, ओला टॉवेल. आदल्या दुपारपासून त्या जेवल्या नव्हत्या, प्रवासाच्या आधी त्यांची ती पद्धतच. मी मागे बसलो. काकाजी अनवाणी. गाडी फाटकाबाहेर पडली आणि काकाजींनी तोंड बंद केलं ते मोहाडीपर्यंत उघडलं नाही. त्यामुळे बोलायचं काम काकूंवर आलं. भंडारा ओलांडताना त्यांनी एक लिंबू हातात घेतलं. वरठी आली तेव्हा ते लिंबू मांडीवर होतं. पुढे शेतातून धानकापणी चाललेली दिसली आणि काकू कुणाचं धान अजून उभं आहे, कुणाचं पडलं, यावर बोलू लागल्या. लिंबू कधी पिशवीत गेलं ते मलाही कळलं नाही.

मोहाडीला त्या म्हणाल्या, "भज्याचा वास येऊन राह्यला. थांबवा."

काकाजींनी गाडी थांबवली, पण घाबरून. "पोचल्यावर खाजा ना," ते कसेबसे म्हणाले.

"मले आता भूक लागली."

मी गरम भजी आणली. काकूंनी चालत्या गाडीत, कागदातून, मिरचीसकट सगळी भजी खाल्ली. मलाही दोन दिली. काकाजींना देऊ लागल्या तर त्यांनी नुसती मान हलवली.

आंधळगावात दादांच्या अंगणात सगळी तयारी होती. बहीण गाडीने येतेय म्हणून भरलेली बादली, तांब्या, सावलीत खाट, खाटेवर उशी. दादा वॉकर धरून उभेच होते. गाडी फाटकातून आत सरकली तरी ऐकू आली नाही, म्हणून ते घराकडे तोंड करून तसेच उभे राहिले. काकू उतरल्या आणि त्यांच्या मागून म्हणाल्या, "दादा, बादली कायले ठेवली?"

दादा वळले. "तुह्यासाठी, बाई."

"पाय धुतो मंग," म्हणून काकूंनी खरोखरच पाय धुतले आणि दादांजवळ जाऊन आधी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. दादा रडले, अगदी उघडपणे, खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत. काकू रडल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन मिनिटांत आतून त्यांचा हसण्याचा आवाज आला. असं हसताना मी त्यांना शहापुरात कधी ऐकलं नव्हतं. काकाजी गाडीतून सावकाश उतरले. सदरा पाठीला चिकटला होता. काकूंसाठी मांडलेल्या खाटेवर ते आडवे झाले आणि बाहेर दंडारीचा ढोल वाजत असताना गाढ झोपले.

दुपारी जेवणं झाली, मंडईत हिंडून झालं, दादांना ओवाळून झालं. ऊन उतरू लागलं तसे काकाजी म्हणाले, "चला, उजेड हाय तोवर निंगू."

"मी राहून राह्यली चार दिवस," काकू म्हणाल्या. "तुमी जा."

इतक्या महिन्यांच्या विचारात काकाजींनी जाणं-येणं सगळं आखलं होतं, पण काकू तिथे राहतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "हां, राहा," ते म्हणाले. "राहा ना."

परतताना मी पुढे बसलो. गाव संपलं, मोकळा रस्ता लागला, आणि काकाजींनी चप्पल घातली. मग ॲक्सिलेटर दाबला. असा दाबला की मी सीटला टेकलो. खड्डा आला, त्यांनी चुकवला नाही. दुसराही नाही. "पाहा जी, कशी पयते," ते ओरडले. "मले माहीतच नव्हतं." आम्ही दोघं हसत होतो, उगाचच, आणि गाडी इंजिनाचा खणखणीत आवाज करत मोहाडीतून बाहेर पडली.

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर फोन वाजला. काकू होत्या. काकाजींनी झटकन पाय उचलला आणि गाडी एकदम शांत झाली.

"कुठपर्यंत गेले?"

"मोहाडी सुटली आत्ताच."

"हळू जाजा."

"हळूच चाललो."

"चार दिवस नको, परवाच न्याले या," काकू म्हणाल्या. "दादा म्हनते, सालेकशाले अक्काकडे बी जाऊन येऊ. तिले पाहून किती वर्सं झाले. आता जाता येते मले."

गाडी आपल्या वेगाने सरकत होती, रस्त्याच्या कडेला बायका धानाचे भारे घेऊन घरी चालल्या होत्या.

"आईकून राह्यले ना?" काकूंनी विचारलं.

"आईकून राह्यलो," काकाजी म्हणाले, इतक्या हळू की त्यांचा तसा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

फोन बंद झाला. पुढे बराच वेळ त्यांनी ॲक्सिलेटर दाबला नाही. मागचे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात राहिले. वरठी आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सालेकशाचा रस्ता कसा हाय हो?"

मी म्हटलं, लांब आहे, जंगलातून जातो, वळणं फार, मला जास्त माहीत नाही.

काकाजींनी डोळे पुसले आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "उद्या सुट्टी हाय ना तुमची? चला मंग. पाहून येऊ."